दोन डिस्कचं मशीन

मामांच्या बैठकीत कॉम्प्युटर कामाला लागला की ते आम्हाला स्वयंपाकघरात कळायचं. गिरणीत ज्वारीबरोबर खडा आला की होते तशी त्याची डिस्क खरखरायची, आणि मामी दाराच्या पडद्याकडे न बघताच म्हणायच्या, "ठेवा चहा. शोध लागलाय." मग माझी माय चहा ठेवायची. चहा उकळून, गाळून, पाहुण्यांसमोर जाऊन, बशा रिकाम्या होऊन परत यायच्या, तरी आत खरखर चालूच असायची. पाहुणे म्हणजे कुणाचे तरी आईबाप. मुलीसाठी स्थळ शोधायला कुणी शेंबाळ पिंपरीहून यायचं, कुणी वसमतहून, आणि कॉम्प्युटर शोधत असेपर्यंत मामा त्यांना त्यांच्याच नातेवाइकांच्या गोष्टी सांगायचे.

आमच्या समाजाचं वधू-वर सूचक मंडळ मामांच्या घरातून, कळमनुरीतून चालायचं. मामा कचेरीत कारकून होते आणि कारकुनाला घरी जी किंमत मिळत नाही ती त्यांना या मंडळानं दिली होती. कुठल्या तरी ऑफिसनं टाकून दिलेलं एक मशीन त्यांनी मिळवलं, त्यावर प्लास्टिकचं कव्हर घातलं, आणि सगळी स्थळं त्यात भरायला मला बसवलं. मला बसवलं, कारण मामांना टाइप येत नव्हतं आणि मला येत होतं. टायपिंगच्या क्लासला मामींनीच पाठवलं होतं. दुपारी त्यांच्या भिशीच्या बायका यायच्या, तेव्हा मी घरात नसलेली बरी, असा त्यांचा हिशेब होता.

माय आणि मी त्या घरात का राहत होतो, बाप कुठं होता, हे मी या पुस्तकात एकदाच लिहिणार आहे आणि ते इथं नाही. इथं एवढंच सांगते की माझ्या हातांवर कोड आहे. आज ते गळ्यापर्यंत आलं आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. तेव्हा मनगटांपर्यंत होतं, आणि ओठाच्या कोपऱ्यात एक ठिपका. मामींच्या घरात या हातांचे नियम होते. पापड लाटायचे नाहीत, कुरडया घालायच्या नाहीत, लोणच्याच्या बरणीजवळ जायचं नाही, सणाचं पुरण वाटायचं नाही. भांडी मात्र घासायची. भांडी पाण्यानं धुतली जातात, असं मामींचं म्हणणं होतं. कीबोर्डचं काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून कीबोर्ड मला मिळाला.

माय आणि मामी एका ओट्यावर काम करायच्या. ओटा लहान होता. पोळपाट ठेवला की परातीला जागा नाही, परात ठेवली की डबे खाली. माय दर दोन मिनिटांनी वाकायची, कोठीत जायची, डबा आणायची, परत ठेवून यायची. मामी म्हणायच्या, "किती हळू हात चालतो वन्सं तुमचा." हात हळू नव्हता. हात विजेसारखा होता. ओटा लहान होता आणि कोठी लांब होती. मी भांडी घासता घासता हे वर्षानुवर्षं बघत होते, आणि एक दिवस बैठकीत ती खरखर ऐकताना माझ्या डोक्यात आलं की या डब्यात माझी मायच बसलेली आहे. प्रोसेसर म्हणजे मायचे हात. मेमरी म्हणजे ओटा. डिस्क म्हणजे कोठी. कॅबिनेटवरचा लाल दिवा डिस्क चालू असली की लागतो. शोध चालू असताना तो दिवा विझतच नव्हता, म्हणजे मशीन सगळा वेळ कोठीत फेऱ्या घालत होतं. हात रिकामेच होते.

आज हिंगोलीत माझं दुकान आहे. हळदीच्या अडत्यांचे, दवाखान्यांचे, दोन-तीन पतसंस्थांचे डेटाबेस मी सांभाळते. घरून डेटाचं काम करणारी पोरं येतात आणि म्हणतात, ताई, सगळ्यात भारी प्रोसेसर सांगा, आणि आतून रंगीत दिवे लागणारं कॅबिनेट सांगा. मी त्यांना विचारते, डेटा किती आहे? त्यांना माहीत नसतं. मग मी सांगते की आधी मेमरी घे, एवढी की तुझा रोज लागणारा सगळा डेटा तिच्यात मावला पाहिजे. मग डिस्क चांगली घे, आता तर चकती फिरायचीच भानगड राहिली नाही. मग बॅटरी. दिव्यांचे पैसे उरले तर दिवे घे. पोरं दुसऱ्या दुकानात जातात आणि सहा महिन्यांनी परत येतात. परत आलेल्यांना मी दर वाढवून सांगते.

मामांना नवं मशीन हवं होतं ते वेगळ्या कारणासाठी. मंडळाचे अध्यक्ष अण्णा, हिंगोलीचे निवृत्त हेडमास्तर, आखाडा बाळापूरला एक शाखा काढायच्या विचारात होते. बाळापूरचा बाजार मोठा, नांदेडच्या रस्त्यावरचं गाव, आसपासच्या खेड्यांतून लोक येतात. समाजाच्याच एकाची जागा होती, पुढं दुकानाचा गाळा आणि मागं राहायची खोली. शाखा मामांच्या हाताखाली आली तर मंडळात मामांच्या वर फक्त अण्णाच उरत होते. एका सकाळी मामांनी मला बैठकीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"सुमे, अण्णासमोर मशीन पळालं पायजे. पळवशील?"

"पळवते. पण मशीन मी निवडणार."

"निवड. पळालं तर बाळापूर तुलाच. तूच बसायचं तिथं."

"आणि मागची खोली?"

मामा हसले. "बरीच हाय की तू. घे खोली. मायलाबी घेऊन जा. तुझी मामी नारळ फोडंल."

मी हे मायला सांगितलं तेव्हा ती अंबाडीची भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "खिडकी हाय का खोलीला?" एवढंच विचारलं. मी न बघताच हो म्हटलं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. मला माझ्या मायला त्या ओट्यावरून उठवायचं होतं. तिनं सगळ्यांच्या मागून, उभ्यानं, तव्यावरची शेवटची करपलेली भाकरी खायची, हे मला पुन्हा बघायचं नव्हतं. यासाठी एक मशीन पळवायला लागत असेल तर मी ते पळवणार होते.

खरेदीला नांदेडला गेलो. गफूरभाईंचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा, पण अर्ध्या मराठवाड्याचे कॉम्प्युटर तिथं जोडले जायचे. गफूरभाईंनी मामांकडे बघितलं, मामांच्या खिशातल्या पेनाकडे बघितलं, आणि मोठ्यातला मोठा प्रोसेसर काउंटरवर ठेवला. त्याच्या बाजूला मोठा स्क्रीन, दिवे लागणारे स्पीकर, आणि चित्रं पळवणारं एक कार्ड.

मामांचे डोळे स्पीकरवर गेले. "मंगलाष्टकं लावता येतील का यावर?"

"मंगलाष्टकं क्या, पूरी बारात लगाओ साहब."

मी म्हटलं, "भाई, ये प्रोसेसर वापस रखो. इससे दो नंबर छोटा दो. कार्ड निकालो, स्पीकर निकालो."

"बाई, डेटा-वेटा सब प्रोसेसर से चलता."

"नहीं चलता. मेमरी कितनी डाली?"

त्यांनी सांगितली. मी चौपट मागितली.

"काहे को? मेमरी किसी को दिखती क्या?"

मामा म्हणाले, "बराबर बोलून राहिलेत ते, सुमे. पावण्यांला काही दिसाय पायजे."

"पावण्यांला पोरी दिसाय पायजेत, मामा. स्पीकर न्हाई."

गफूरभाई हसले आणि तिथंच फसले. सौद्यात समोरचा हसला की त्याचा दर सैल होतो. मी त्यांच्याकडून डिस्क मागितली, हळू फिरणारी नको, जलद फिरणारी, आणि एक नाही, दोन. त्यांनी मामांकडे बघितलं, जसं काही मामांनी मला वेळेवर डॉक्टरला दाखवलं नाही. मी समजावलं. एका डिस्कवर मशीन चालवायचं सॉफ्टवेअर राहील, दुसरीवर फक्त डेटा. एकाच डिस्कवर दोन्ही ठेवलं तर तिची सुई इकडून तिकडे धावण्यातच दमते. मामांना कळलं नाही. गफूरभाईंना कळलं, आणि कळल्यावर त्यांचा चेहरा बदलला. मग आम्ही खरे भांडलो. दुपारभर भांडलो. स्पीकरच्या बदल्यात मेमरी, कार्डाच्या बदल्यात दुसरी डिस्क, मोठ्या प्रोसेसरच्या बदल्यात बॅटरी, कारण आमच्याकडे वीज जायची वेळ ठरलेली होती आणि यायची नव्हती. मी दोनदा दुकानातून उठून रस्त्यावर गेले. दुसऱ्यांदा रस्ता ओलांडला. गफूरभाईंनी पोरगं पाठवून बोलावलं आणि कॅबिनेटच्या आत हवा खेळायला एक जादा पंखा फुकट टाकला. आमच्या भागात हळदीच्या दिवसांत धूळसुद्धा पिवळी असते, ती कॅबिनेटमध्ये बसते आणि मशीन तापतं. मोठा स्क्रीन मात्र मी मामांना घेऊ दिला. ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याला हातात धरायला काहीतरी द्यावं लागतं.

पुढचे काही आठवडे मी सगळी स्थळं नव्या मशीनवर आणली. रास, नाडी, गोत्र, देवक, उंची, रंग, शिक्षण, शेती. मुलांच्या फॉर्ममध्ये खाली एक प्रश्न असायचा, मुलीत काही व्यंग असल्यास चालेल का. जुन्या मशीनवर तो मजकूर म्हणून पडून होता आणि शोधायला सगळ्यात जास्त वेळ तोच खायचा. मामा म्हणाले त्याचंही बघ. मी त्याचा हो-नाहीचा वेगळा रकाना केला आणि त्याची सूची बांधली. पुस्तकाच्या शेवटी सूची असते तशी मशीनलाही बांधता येते, मग ते सगळी पानं न चाळता नेमक्या पानावर जातं. हे काम मी मन लावून केलं. रकाना भरताना मी प्रत्येक फॉर्म बघितला होता, पण एकेक बघणं वेगळं आणि सगळे एकदम बघणं वेगळं.

अण्णा आले तो रविवार होता. त्यांच्याबरोबर मंडळाचे चार-पाच जण. मामींनी मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, वर शेव आणि कोथिंबीर, आणि नंतर शिरा. माय आत ताटल्या भरत होती. मी स्क्रीनसमोर बसले. मामा पाठीशी उभे राहिले, एक हात खुर्चीवर, फोटो काढताना ठेवतात तसा. पहिलं नाव टाकलं, सेनगावकडची मुलगी, बारावी, मध्यम वर्ण. बटण दाबलं आणि बोट उचलायच्या आत यादी आली. कुणीतरी "वा" म्हणालं. दुसरं टाकलं, मंगळाची मुलगी, तीही यादी आली. मामींनी आत सवयीनं चहा ठेवला होता, मामा पडद्याकडे वळून म्हणाले, "चहाला टाइमच न्हाई आता. बंद करा ग्यास." सगळे हसले. मी पण हसले. मला ते हसू आठवतं, कारण ते मी कमावलेलं होतं.

अण्णा हसले नाहीत. हेडमास्तर होते, कॉपी करणारी पोरं पकडण्यात त्यांची हयात गेली होती. "ही उत्तरं आधीच भरून ठेवली असतील. सोप्या पोरी घेऊन राहिले तुमी. एखादी अवघड घ्या."

"अवघड?" मामांनी इकडंतिकडं बघितलं. त्यांना शोधायला लांब जावं लागलं नाही. "हिचंच टाकू की. सुमे, टाक तुझं."

मला वाटलं त्यांनी थट्टा केली. मी मागं वळले. ते थट्टा करत नव्हते. त्यांचा चेहरा बैलांची नवी जोडी विकायला काढलेल्या माणसासारखा झाला होता.

"टाक ना. काहून थांबली?"

मी टाकलं. नाव, रास, नाडी, गोत्र, उंची. रंगाच्या रकान्यात काय लिहायचं, असं मी विचारलं आणि एक जण म्हणाला, "दोन्ही लिहा." त्यावर हसू झालं. व्यंगाच्या रकान्यात मी हो केलं. हात दिसत होते, लपवून टाइप करता येत नाही. बटण दाबलं. मी डोळे मिटणार होते, पण तेवढाही वेळ त्या मशीननं दिला नाही. मोठ्या स्क्रीनवर, बैठकीच्या त्या टोकालाही वाचता येईल अशा अक्षरांत, आलं: एकही नोंद नाही.

मामांनी मांडीवर थाप मारली. "बघा अण्णा. समद्या जिल्ह्यातली पोरं धुंडून आलं, आन् पापणी लवली न्हाई."

"न्हाई, मानलं," अण्णा म्हणाले. "मशीन खोटं बोलत न्हाई." मग शिऱ्याची ताटली घेऊन ते बाळापूरबद्दल बोलायला लागले. शाखा काढायचीच. बसणार कोण, असं त्यांनी विचारलं. मी उभी राहिले. अण्णा माझ्याशी बोलले नाहीत, मामांशी बोलले. "शुभकार्याची जागा हाय. लोक पहिल्यांदा येणार. दारातच..." पुढचं वाक्य त्यांनी शिऱ्याबरोबर गिळलं. मामांनी एक क्षणही घेतला नाही. "छे छे, ती कशाला? ती तर इथं टाइपापुरती हाय. माझा साळा बसंल, विलास." मी निवडलेल्या मशीनसारखाच लवकर शोधला त्यांनी, आणि तसंच उत्तर एकदम हजर.

लोक मला आजही सांगतात की मामांनी तुला त्या दिवशी मुद्दाम दुखवलं नसेल, त्यांच्या डोक्यात मशीन होतं. मला माहीत आहे की त्यांच्या डोक्यात मशीन होतं. त्याचाच तर मला राग आहे. मुद्दाम दुखवणाऱ्याशी निदान सौदा करता येतो.

संध्याकाळी मी मोरीवर शिऱ्याची पातेली घासत बसले होते. माय शेजारी येऊन बसली. ती पडद्याआड होती, तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ती रडेल, नाहीतर मामांना काही बोलेल. तिनं राख उचलली, एक पातेलं ओढून घेतलं आणि म्हणाली, "सुमे, त्या डब्यात आजून एखादी डिस्क बसती का?"

"बसते. काहून?"

"न्हाई, म्हनलं, आजून मोठं केलं तर बराबर शोधंल. एवढ्या लवकर शोधलं त्यानं. नीट बघितलं का न्हाई कुणाला म्हाईत."

मी म्हटलं, "माय, मशीन मोठं केलं की ते आजून लवकर न्हाई म्हणतं." तिनं पातेलं धुऊन उपडं घातलं.

विलास मामींचा धाकटा भाऊ. जिथं जाईल तिथं पाय पसरून बसणारा माणूस. मशीन बाळापूरला गेलं, मंडळाचा फलक लागला, अण्णांनी नारळ फोडला. मला बोलावलं नव्हतं. विलास जाण्याआधी मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. बॅटरी काढू नका, दुसऱ्या डिस्कला हात लावू नका, वीज गेली की आधी मशीन नीट बंद करा. तो म्हणाला, "तू मला शिकवून राहिली?" एका मशीनला दोन डिस्क म्हणजे एक जादाची, हे त्याला बघताक्षणी कळलं. गाडीला एक जादा चाक असतं तसं. त्यानं ती काढून घरच्या मशीनला लावली आणि तिच्यावर पिक्चर भरले. स्थळांचा डेटा पहिल्या डिस्कवर ढकलला, तीही गाण्यांनी भरली. बॅटरी टीव्हीला जोडली, कारण क्रिकेट चालू होतं. मग भर बाजाराच्या दिवशी नोंदी भरताना वीज गेली, एकदा नाही, अनेकदा, आणि सूची मोडली. मोडलेली सूची गप्प बसत नाही. ती मशीनला भलत्याच पानावर नेते, आणि मशीन तितक्याच खात्रीनं भलतं नाव दाखवतं.

त्या मशीननं एक मुलगा आणि एक मुलगी जुळवली. विलासनं कागद छापून दोन्ही घरांना दिले. मंडळाच्या मशीननं काढलेलं, त्यामुळं कुणी परत विचारलं नाही. आमच्याकडे एरवी गोत्र आणि देवक चार-चारदा विचारतात, पण हे काम आता कॉम्प्युटर करतो असं मामांनीच गावोगाव सांगितलं होतं. साखरपुड्याला पाटावर बसवून भटजींनी गोत्रोच्चार केला आणि दोन्हीकडून एकच गोत्र आलं. भटजींना वाटलं आपण चुकलो, त्यांनी परत विचारलं. परत तेच. मुलीकडच्या बायकांनी साखरेची पुडी तिथंच ठेवली आणि मुलीला आत नेलं. एका कुळातली भावंडं पाटावर बसवली म्हणून तो मुलीचा बाप दुसऱ्या दिवशी कळमनुरीला आला, आणि मामांना त्यांच्या बैठकीत, त्यांच्या खुर्चीत बसून जे बोलला ते मी पडद्याआडून उभी राहून ऐकलं. एकही शब्द सोडला नाही.

अण्णांनी मामांना आठवडा दिला. मशीन नीट करा, नाहीतर मंडळ हिंगोलीला आणतो. विलासनं नांदेडहून माणूस आणला, त्यानं सांगितलं सगळं पुसून नव्यानं भरा. तेव्हा मामा स्वयंपाकघरात आले. त्या घरात मामा स्वयंपाकघरात आलेले मी तोवर बघितले नव्हते. मी तांब्या घासत होते, तो घासत राहिले.

"सुमे, व्हईल का नीट?"

"न्हाई व्हत."

हे खोटं होतं. डेटा शाबूत होता, फक्त सूची नव्यानं बांधायची होती, आणि माझ्याकडे सीडीवर सगळ्याची नक्कल होती. निम्म्या दिवसाचं काम. मी त्यांना तसंच उभं ठेवलं. मामी म्हणाल्या, "पोरी, मामा उभे हायत." मी म्हटलं, "दिसून राहिलेत मला."

मग मी माझा भाव सांगितला. विलास उठणार. बाळापूरला मी बसणार, फलकावर माझं नाव. खोली माझी. दुसरी डिस्क, बॅटरी, सगळं परत, आणि ते कॅबिनेट विलासनं स्वतः एसटी स्टँडपासून इथपर्यंत खांद्यावर आणायचं, रिक्षा करायची नाही. मामा म्हणाले, अण्णांचं काय? मी म्हटलं, अण्णांना सांगा, पोरी जुळवणाऱ्या बाईचे हात बघून राहिलात, का तिनं जुळवलेलं गोत्र? मामांनी विलासच्या खांद्यावरून थोडी घासाघीस केली. मी तांब्या परत घासायला घेतला. ते कबूल झाले. सगळ्यात शेवटी मी म्हटलं, "आणि माय."

"ने की," मामा म्हणाले. "मी कधी न्हाई म्हनलं? आधीच बोललो होतो."

विलासनं भरबाजारातून कॅबिनेट आणलं. मी दारात उभी होते. आयुष्यात मला बरीच बक्षिसं मिळाली, दोन-तीन शाली घरात पडून आहेत, पण घामानं भिजलेला तो शर्ट आठवला की आजही मला झोप चांगली लागते. मामा आता थकले आहेत, समाजाच्या कार्यक्रमात मला बघून सांगतात की ही माझ्या मशीनवर शिकली. मी त्यांना तिथंच, माइकसमोर, दुरुस्त करते. लोकांना ते आवडत नाही.

जायच्या दिवशी मी जीप सांगितली. मशीन गोधडीत गुंडाळून मधल्या सीटवर ठेवलं. माझी पेटी, एक स्टोव्ह, दोन पातेली. मायचं गाठोडं मी आदल्या दिवशीच बांधलं होतं, ते कुठं दिसेना. आत गेले तर ते सोडून कपडे परत दोरीवर टाकलेले.

"माय, जीप थांबलीय."

"तू व्हय पुढं."

"पुढं म्हणजे?"

ती पदराला हात पुसत बाहेर आली. मामी ओट्याशी होत्या, पाठमोऱ्या. "कुणी धरून ठेवलं न्हाई बाई त्यांना," त्या भिंतीला म्हणाल्या.

मायनं मला अंगणात ओढलं आणि हळू बोलली. "असं भांडून भावाचं घर सोडलं तर परत पाय ठेवता येईल का मला? उद्या तुझं जमलं तर? बोहल्यावर पोरीच्या पाठीशी मामा लागतो. मी हितं ऱ्हायले तर त्येला यावंच लागंल. मी निघाले तर कोण उभं ऱ्हाईल तुझ्या मागं?"

"कोणत्या बोहल्यावर, माय?"

"असं बोलू न्हाई."

"तू ऐकलं ना त्या दिवशी? पडद्यामागं होती ना तू?"

"ते मशीन हाय. मशीनला काय कळतं?" ती माझा हात धरून होती, कोडाच्या जागी, अंगठ्यानं चोळत होती, लहानपणी तेल लावायची तशी. "दोन-चार वर्सं. मग तुझ्या सासरीच येते बघ मी. चार दिस ऱ्हायला."

ज्या एका गोष्टीसाठी मी सगळा सौदा केला होता ती गोष्ट माझा हात धरून नाही म्हणत होती. मामांना मी वाकवलं होतं, गफूरभाईंना वाकवलं होतं. हिच्याशी काय लावायचं मला सुचलं नाही. तिला काही नकोच होतं. तिला माझं लग्न हवं होतं, आणि त्यासाठी ती त्या ओट्याशी पहारा देणार होती. मी हात सोडवून घेतला.

"ऱ्हा मग. मी तिकडं गरम भाकरी खाईन. तू करपलेली खा."

मी जीपमध्ये बसले, मशीनवर हात ठेवला आणि मुद्दाम तिच्याकडे बघितलं नाही. ड्रायव्हर तंबाखू मळत होता, त्यानं विचारलं, निघू? मी म्हटलं, थांब जरा. मी तिला एक संधी दिली होती, सौद्यात शेवटी देतात तशी. आतून मामींचा आवाज आला, "वन्सं, दूध." मग मी वळून बघितलं. अंगणात कुणी नव्हतं.